रोल-प्ले की प्रशिक्षित पेशंट? मनोविकारांबद्दलचा संवाद शिकवताना

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनोविकारशास्त्राच्या पोस्टिंगमध्ये (त्या विभागात शिकण्याच्या पाळीत) संवादासाठी दोन-तीनच सत्रं हाती येतात. ती विद्यार्थ्यांच्या आपसातल्या रोल-प्लेवर घालवायची, की प्रशिक्षित सिम्युलेटेड पेशंट, म्हणजे पेशंटची भूमिका वठवायला तयार केलेले नट, बोलवायचे?

रोल-प्लेला फारसं काही लागत नाही. तिघांचा गट: डॉक्टर, पेशंट, निरीक्षक. सात मिनिटं मुलाखत, दहा मिनिटं फीडबॅक, मग अदलाबदल. शिवाय पेशंटच्या खुर्चीत बसल्यावर ‘काळजी करू नका’ किती पोकळ वाटतं ते कळतं. हा फायदा दुसऱ्या पद्धतीत नाही.

पण एक खोट काही केल्या जात नाही. पेशंट झालेल्यानंही तेच पुस्तक वाचलेलं असतं. ‘काय होतंय?’ म्हणायचा अवकाश, तो घडाघडा सांगतो: दोन आठवडे उदास, झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही. नैराश्याच्या निकषांची यादीच! मित्र अडखळला तर पुढचा धागाही तोच हातात देतो. मुलाखतीत शांतता पसरतच नाही, मग थांबायला शिकणार कधी? आत्महत्येचा प्रश्न तर हसण्यावारी जातो.

प्रशिक्षित पेशंटची कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये मेंदूविकारशास्त्र शिकवताना आणली. इथे तिचा उपयोग करायचा तर स्क्रिप्ट तीन थरांत लिहावी. आपणहून सांगायचं: झोप लागत नाही. खुला प्रश्न आला तरच: कामावर जाणं सोडलंय. थेट विचारून उत्तराची वाट पाहिली तरच: निरोपाची चिठ्ठी लिहून ठेवलीय. ‘तसले काही विचार नाहीत ना?’ याला उत्तर ‘नाही’च. ‘जगणं नकोसं वाटतं का?’, मग ‘जीव द्यावासा वाटतो का?’, मग ‘काही ठरवलंय का?’ या क्रमानं गेलं तर तिसरा थर उघडतो. (विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे.)

खर्च आहे, तालमीला अर्धा दिवस जातो, आणि नट रडारड वाढवतात ती आवरावी लागते. विस्कळीत विचारांचा पेशंट तर सहसा वठत नाही. त्यासाठी वॉर्डातला खरा पेशंटच बरा. नुकतंच असं काही सोसलेल्याला ती भूमिका देऊ नये, आणि शेवटी प्रत्येकानं स्वतःचं नाव सांगून भूमिकेतून बाहेर यावं.

तरी, पैसे एकाच सत्रापुरते असतील तर मी ते आत्महत्येच्या जोखमीच्या केसवर घालीन. बाकीचं रोल-प्लेवर भागावं. फक्त पेशंटच्या कार्डावर लिहावं, पहिलं उत्तर चार शब्दांपुढे न्यायचं नाही.