कपात मावणारं पिल्लू

व्हिडिओत चहाचा पांढरा कप होता, कानाचा टवका उडालेला, आणि त्यातून कुत्र्याच्या पिल्लाचे दोन काळे डोळे बाहेर बघत होते. 'टीकप पॉमेरेनियन, ६५ दिवसांचा, आयुष्यभर एवढाच राहणार.' किंमत २२,०००. ५,००० ॲडव्हान्स टाकताना मी एवढंच विचारलं, की पांढराशुभ्र आहे ना? आज ते आठवलं तरी लाज वाटते.

विकणारा मुंबईकडचा, आम्ही सांगलीला. "मॅडम, ट्रॅव्हल्सने पाठवतो, आमचं रोजचंच आहे." खोकं गाडीत चढवायच्या आधी उरलेले १७,००० त्याने वसूल केले. सकाळी सहाला क्लीनरने केबिनमधून खोकं काढून माझ्या हातात दिलं. पेनने पाडलेली भोकं, आत ओला झालेला पेपर आणि कोपऱ्यात गारठलेला मुठीएवढा जीव. एसी गाडी, अख्खी रात्र. मी फोन केला. "वाटेत ओकायला नको म्हणून काल दुपारपासून काही दिलं नाही. आणि दिवसातून दोनदाच खायला घाला हां, जास्त घातलं की वाढतं ते." थरथरतंय म्हटलं, तर म्हणाला, "टीकप पिल्लं थरथरतातच. म्हणून तर क्यूट दिसतात."

मी ऐकून घेतलं. खाणं पुढे ठेवलं, त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. नवीन घर आहे, रुळेल, असं म्हणून मी आंघोळीला गेले.

अकराच्या सुमारास ते फरशीवर चालायला लागलं ते दारू प्यायल्यासारखं. मागचे पाय फाकत होते. मग भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. हाक मारली, टाळी वाजवली, कान हलला नाही. तोंडाजवळ बारीक बारीक झटके येत होते, आणि बघता बघता ते आडवं पडून हवेत पाय मारायला लागलं. माझं डोकंच चालेना. मी चमच्याने दूध पाजायला गेले, तेवढ्यात आईने माझा हात धरला.

आईला वीस वर्षं शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. "अगं, दूध काय पाजतेस! साखर उतरलीय त्याची. मला होतं तस्संच होतंय." तिने बोटावर मध घेतला आणि ओठ वर करून हिरड्यांना चोळला. हिरड्या पार पांढरट पडल्या होत्या. तिच्या जुन्या लोकरी टोपीत त्याला गुंडाळलं आणि आम्ही रिक्षात बसलो. पाच-सात मिनिटांत त्याने डोळे उघडले, मान उचलली. मला वाटलं, झालं, वाचलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मान पुन्हा कलंडली. मधाची तरतरी तेवढ्यापुरतीच असते. त्यावर विसंबून कुणी अर्ध्या वाटेतून घरी परतू नका.

डॉक्टरांनी शुगर तपासली. ३४. पिल्लात ६०च्या खाली गेली की कमीच म्हणायची. लगेच शिरेतून डेक्स्ट्रोज लावलं. पार्वो या विषाणूच्या आजाराची टेस्टही केली, कारण आजारी पिल्लाची साखरही अशीच पडते. ती निगेटिव्ह आली. संडासात मात्र जंत निघाले.

मग डॉक्टर मला बोलले, आणि बरोबरच बोलले. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. शुगर-फ्री असं काही चोळलं नाही ना, हेही विचारलं, कारण त्यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याची साखर आणखी पाडतं. मी म्हटलं, पण टीकप जातच नाजूक असते ना? "ताई, टीकप नावाची जात कुठल्या केनेल क्लबच्या यादीत नाही. हे दात बघा." पुढचे दात आले होते, दाढा नुकत्या कुठे टोचायला लागल्या होत्या. "६५ दिवस कसले? जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. अजून आईपाशी हवं होतं."

लसीचं कार्ड दाखवलं. त्यावर तारखा होत्या, पण लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नव्हतं, डॉक्टरांचा शिक्का नव्हता, नोंदणी क्रमांकही नव्हता. हे मला कार्ड हातात घेताना नको होतं दिसायला? २०१७च्या कुत्रा प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मी मागितलाच नव्हता.

म्हणजे मी २२,००० मोजले ते कोवळ्या वयाचे आणि उपासमारीचे. इतक्या लहान जिवाच्या यकृतात साखरेचा साठा नसतोच म्हटलं तरी चालेल. अंगावर मांस नाही, चरबी नाही, आणि मेंदूला तर साखर सतत लागते. एखाद-दोन वेळचं खाणं चुकलं, त्यात थंडी, प्रवासाची भीती, पोटात जंत, की संपलं. त्या माणसाने यातलं काहीच सोडलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस आम्ही आळीपाळीने रात्रीही तीन-तीन तासांनी उठलो. कोमट पाण्यात भिजवलेलं पिल्लांचं खाणं, थोडंथोडं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी टोपलीच्या एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता यावं. घरच्या काट्यावर रोज वजन. पहिल्या दिवशी ५२० ग्रॅम भरलं होतं.

विकणाऱ्याला फोटो, रिपोर्ट, सगळं पाठवलं. उत्तर आलं: "तुम्ही फीडिंग चुकवलंत. हवं तर दुसरं अर्ध्या किमतीत देतो." त्यानंतर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

फुटाणा आता आठ महिन्यांचा आहे, वजन सहा किलो. डॉक्टर म्हणतात, हा पॉमेरेनियन नव्हेच, आपला साधा इंडियन स्पिट्झ. कपात त्याचा एक पाय मावतो.

परवा मावसबहिणीने एक व्हिडिओ पाठवला, "ताई, हे घेऊ का गं?" खातं नवीन, नाव नवीन. कप मात्र तोच, कानाचा टवका उडालेला. किंमत २८,०००.