शेतातले मोठे धोंडे बिनआवाजी पावडरीने फोडले: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमची जमीन बालाघाटच्या पठारावर, पाटोदा तालुक्यात. मांजरा याच डोंगरात उगम पावते, पण माळाला तिचं पाणी नाही, त्यामुळे सीताफळासारखं काटक झाडच इथं तग धरतं. ते लावण्यासाठी गेल्या हिवाळ्यापासून रान मोकळं करतोय आणि मोठे धोंडे फोडायला पाण्यात कालवून होलात ओतायची पावडर वापरतोय. माझं मत आधीच सांगतो. पावडर खरी आहे, ती पक्का काळा दगड फोडते. पण खरा पैसा पावडरीत जात नाही, होल मारण्यात जातो. कुठला धोंडा तिच्यासाठी ठेवायचा आणि कुठला नाही, हे ठरवता आलं तरच ती परवडते.

आमच्याकडचे धोंडे इतके हट्टी का, हे समजून घेतल्याशिवाय कुणी पैसे घालू नयेत. हा दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरत गेलं, कडांचा दगड कुजला, कांद्यासारखे पापुद्रे सुटले आणि त्यांचा मुरूम झाला. मधला गाभा तेवढा शाबूत राहिला. माळावर जे गोल धोंडे दिसतात ते म्हणजे हेच गाभे. कच्चं होतं ते कधीच झडून गेलंय, म्हणून घण नुसता उसळतो. एक घनमीटर पक्का दगड पावणेतीन ते तीन टन भरतो. म्हणजे पाच फूट व्यासाचा धोंडा पाच टनांच्या घरात गेला. जेसीबी तो ढकलते, पण उचलून ट्रॉलीत टाकू शकत नाही. ढकलत बांधाला नेला तर तेवढी जमीन गेली आणि शेजाऱ्याशी कायमची कुरबुर लागली.

सुरुंगाचा विचार आम्ही केलाच नाही. स्फोटकांना १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत, परवान्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. शिवाय आमचे सगळ्यात मोठे धोंडे विहिरीच्या काठाला आणि पाइपलाइनवर. हादऱ्याने विहिरीचं बांधकाम सुटलं तर माळ मोकळा करून उपयोग काय? पावडर स्फोटक नाही, तिला तो परवाना लागत नाही.

तिच्यात मुख्यतः कळीचा चुना असतो. पाणी लागलं की तो फुगतो, आणि होलात कोंडलेला असल्याने दगडाला आतून रेटतो. बेसाल्ट दाबाला जबर आहे, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या मानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास. दोन होलांमधला दगड ताणला जातो आणि फाटतो. आवाज नाही, कपच्या उडत नाहीत. सकाळी बघावं तर धोंड्यावर केसाएवढी रेघ असते, दुपारपर्यंत तिच्यात बोट जातं. रेघ उमटल्यावर तिच्यात थोडं पाणी सोडलं की ती आणखी रुंदावते.

होलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण काम इथंच जमतं किंवा फसतं. ट्रॅक्टर कॉम्प्रेसरवाले फुटावर पैसे घेतात. आम्ही ३८ मिलिमीटरच्या आसपासचे होल घेतले, एकमेकांपासून साधारण फूटभर अंतरावर, धोंड्याच्या जाडीच्या ८० टक्के खोल. आरपार होल मारला तर कालवलेलं सगळं खालून वाहून जातं. फुटाला पावडर अर्ध्या किलोपेक्षा थोडी जास्त लागते, म्हणजे पाच किलोच्या पिशवीत आठ-नऊ फूट होल भरतो. होल मारल्यावर आतली भुकटी हवेने पूर्ण फुंकून काढायला लावा, ऑपरेटर कितीही घाईत असला तरी. आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो.

होल कुठं घ्यायचे हे मात्र पिशवीवर लिहिलेलं नसतं. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम केलेले एक वडार मामा आहेत, त्यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी धोंड्यावर पाणी ओतलं आणि तो वाळताना बघत बसले. जिथं ओल शेवटपर्यंत रेघेसारखी राहिली तिथं खडूने खूण केली. म्हणाले, "मालक, दगडाची शीर त्यानं आधीच दाखवलेली असती. तिच्या संगं होल घ्या, आडवं जाऊ नका." त्यांच्या खुणांवर होल घेतलेले धोंडे कमी होलांत आणि सरळ फाटले. ज्या मजुरीला लोक महाग म्हणतात ती मला सगळ्यात स्वस्त पडली. कंबरेएवढ्या दगडांना तर त्यांनी पावडर लावूच दिली नाही. छोटे होल, प्रत्येकात लोखंडाच्या दोन पाकळ्या, मधे पाचर, आणि सुतकीने ओळीने एकेक ठोका. थोड्या वेळात दगड दोन फाक. तेवढ्या आकाराला मीही आता हेच सुचवतो.

आता हवामान. मराठवाड्यात ही पावडर घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. ती वेगवेगळ्या तापमानाच्या ग्रेडमध्ये येते, आणि बघायचं ते हवेचं नाही, दगडाचं तापमान. थंडीत काम सावकाश होतं. डिसेंबरात ओतलेला होल रात्रभर गप्प असायचा आणि भेग दिसायला दुसरा दिवस उजाडायचा. एप्रिल-मेमध्ये उलटं. काळा पाषाण दुपारी इतका तापतो की हात ठेववत नाही. त्यात थंडीचा ग्रेड ओतला तर मिश्रण उकळून पिचकारीसारखं होलातून वर उडतं. तो कढत चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मी जिथून घेतली त्या दुकानदाराने मे महिन्यात ग्रेड न विचारता जुनाच माल पुढे केला. मी पिशवी वाचून बदलून मागितली. तुम्हीही छापलेलं तापमान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उन्हाळ्यात आम्ही दिवसभर धोंड्यावर ओली पोती टाकून ठेवायचो, दिवस मावळताना होल भरायचो, पाणी माठातलं घ्यायचो. पाच किलोला दीड लिटर, जास्त नाही. पातळ केलं की जोर जातो. कालवल्यापासून पाच-दहा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. चष्मा आणि रबरी हातमोजे सक्तीचे. होलाला वरून दट्ट्या मारायचा नाही. ओतल्यावर वरून ताडपत्री टाकायची आणि काही तास कुणी त्यावर वाकून बघायचं नाही. लहान मुलांना आणि जनावरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.

जिथं पावडर हरली तेही सांगतो. आमच्या काही दगडांत पोकळ्या आहेत, पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या. होल अशा पोकळीत गेला की मिश्रण आत गळतं आणि दाब धरत नाही. होलात प्लॅस्टिकची पातळ नळी घालून ओतलं तर काही प्रमाणात निभावतं. दुसरं म्हणजे जमिनीत रुतलेला खडक. सुट्या धोंड्याला फाटून सरकायला चारी बाजू मोकळ्या असतात, रुतलेल्याला नसतात. आधी जेसीबीने कडेची माती-मुरूम उकरून बाजू उघडी करावी लागते. सलग कातळ असेल तर पोकलेनचा ब्रेकर लावा, तिथं पावडर म्हणजे पैशाची नासाडी.

फुटलेल्या दगडाचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. गोल धोंडे रचले की घरंगळतात, पण हे कोनाकोनाचे तुकडे एकमेकांत बसतात. ओघळीवर अनगड दगडी बांध घातले, उताराला ताली घातल्या. यंदाच्या पावसात त्या तालींमागे माती अडलेली दिसते. मात्र दगड शेताबाहेर न्यायचा तर आधी तहसीलमध्ये विचारा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतलं खनिज सरकारचं असतं, आणि गौण खनिजाची परवानगी व रॉयल्टी न भरता ट्रॉली रस्त्यावर आली की दंड बसतो.

होलांत उरलेला पांढरा चुना आम्ही वेचून वेगळा टाकला. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या बाजूच्या. खड्ड्यात आणखी चुना गेला तर झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. धोंड्यांच्या खड्ड्यांत तळाला मुरूम आणि वर तलावातला गाळ भरला. रोपं त्यातच लावली आहेत.

उघडलेली पिशवी पावसाळ्यात टिकत नाही, हवेतली ओल धरून गोळे होतात आणि मग ती फुगत नाही. म्हणून उरलेली ठेवून दिली नाही. वरच्या अंगाला अजून धोंडे आहेत; त्यांच्यासाठी दिवाळीनंतर थंडीच्या ग्रेडच्या नव्या पिशव्या घेणार, आणि त्याआधी खुणा करायला मामांना सांगून ठेवलंय.