एक मिस्त्री, बाकी बिगारी: ‘रिमवर्ल्ड’मधील बांधकामाचा हिशेब

‘रिमवर्ल्ड’ या कॉलनी सिम्युलेशन, म्हणजे वसाहत उभारून ती चालवण्याच्या, संगणकावरील खेळात बांधकामाचे खास कसब असलेला माणूस मुद्दाम घडवावा, की जो रिकामा दिसेल त्याच्या हाती हातोडा द्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु पाच-सहा वसाहती उभारून आणि त्यांतल्या बहुतेक बेचिराख झालेल्या पाहून माझे असे मत झाले आहे, की वसाहतीची पहिली दोन वर्षे कशी जातील हे बऱ्याच अंशी याच निर्णयावर ठरते. म्हणून हे परीक्षण संपूर्ण खेळाचे नाही. त्यातील बांधकाम या एकाच अंगाचे आहे.

कॅनडातील ल्युडिऑन स्टुडिओजचा, टायनन सिल्व्हेस्टर यांनी रचलेला हा खेळ २०१६ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात अपूर्ण अवस्थेतच विक्रीला आला आणि १७ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्यानंतर रॉयल्टी, आयडिऑलॉजी, बायोटेक अशा पुरवण्या निघत गेल्या; पण बांधकामाचा गाभा मूळ खेळातच आहे आणि पुढचे विवेचन त्याला धरूनच केले आहे. चित्रे साधी, वरून पाहिल्यासारखी असल्यामुळे लालबागच्या आमच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, माझा जुना लॅपटॉपदेखील पंधरा-वीस माणसांच्या वसाहतीपर्यंत तो निमूटपणे चालवतो.

नेहमीच्या सुरुवातीला तीन माणसे एका अनोळखी ग्रहावर येऊन पडतात. प्रत्येकाच्या अंगी स्वयंपाक, शेती, वैद्यकी, नेमबाजी अशी निरनिराळी कौशल्ये शून्य ते वीस या पट्टीवर मोजलेली असतात आणि बांधकाम हे त्यांपैकीच एक. शून्य पायरीवरचा माणूस ३० टक्के वेगाने काम करतो, पुढच्या प्रत्येक पायरीला पावणेनऊ टक्क्यांची भर पडते, आठव्या पायरीवर वेग बरोबर १०० टक्के होतो आणि विसाव्या पायरीवर २०५ टक्क्यांवर जातो. याच्या जोडीला काम फसण्याची शक्यता असते. अगदी नवख्याच्या हातून चारांतले एक बांधकाम बिघडते आणि त्यात घातलेला काही माल वाया जातो. आठव्या पायरीवर मात्र ही भीती पूर्ण संपते. वेग आणि खात्री दोन्ही एकाच पायरीवर जमून येतात ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेळाने न बोलता सांगून ठेवले आहे, की कामचलाऊ गवंडी म्हणजे आठवी पायरी.

काही वस्तूंना तर किमान कसबाची अटच आहे. लहान स्वयंचलित तोफेला पाचवी पायरी लागते, सौरऊर्जेच्या पट्ट्याला सहावी, भूऔष्णिक जनित्राला आणि रुग्णालयाच्या खाटेला आठवी. भूऔष्णिक जनित्रासाठी ३४० पोलाद आणि ८ सुटे भाग मोजावे लागतात, आणि सुरुवातीच्या काळात हे सुटे भाग सोन्याहून दुर्मीळ असतात. तेव्हा एवढ्या मालाला नवख्याने हात लावू नये अशी तजवीज खेळानेच केलेली आहे, हे बरेच झाले.

इथवरचा हिशेब पाहता कोणीही म्हणेल, की सगळ्यांनाच आठव्या पायरीवर आणावे. भांडुपला राहणारा माझा मामेभाऊ हेच म्हणतो. “दादा, तीन गवंडी ठेव, भिंत एका रात्रीत उभी राहते,” हा त्याचा ठरलेला सल्ला असतो. भिंतीपुरते त्याचे खरेही आहे. लाकडाची भिंत १९५ आघातबिंदू सोसते, तर ग्रॅनाइटची ५१०. पण ग्रॅनाइटच्या भिंतीला वेळ कित्येक पटींनी अधिक लागतो आणि हल्ला तोंडावर आलेला असताना तीन हात एका हातापेक्षा केव्हाही बरे. मात्र भिंतीला दर्जा नसतो. ती उभी राहिली की राहिली. कोणी बांधली याने तिला काही फरक पडत नाही. खाट, खुर्ची, आरामखुर्ची यांची गोष्ट वेगळी आहे आणि माझा मतभेद नेमका तिथेच सुरू होतो.

खेळात वस्तूंचे सात दर्जे आहेत. सर्वांत खालच्या दर्जाच्या खाटेवर झोपलेल्या माणसाला ८६ टक्के विश्रांती मिळते, साधारण खाटेवर १००, तिच्यावरच्या ‘गुड’ दर्जाच्या खाटेवर १०८ आणि ‘मास्टरवर्क’ म्हणून गणल्या जाणाऱ्या खाटेवर १२५ टक्के. आकडे लहान दिसतात, पण माणूस रोज झोपतो, आणि वसाहतीतला प्रत्येक जण झोपतो. दहा जणांची झोप रोज थोडी आधी पुरी झाली, तर वसाहतीला रोज आणखी एका माणसाचे बरेचसे श्रम फुकट मिळाल्यासारखे होते. त्या खाटेला लागणारे ४५ लाकूड मात्र दोन्ही वेळी तेवढेच असते. फरक पडतो तो केवळ बांधणाऱ्याच्या हातामुळे.

आणि हा हात म्हणजे ज्याने काम पुरे केले त्याचा हात. कसबी माणसाने खाटेचे नव्वद टक्के काम करून जेवायला जावे आणि दरम्यान नवख्याने येऊन ते संपवावे, की दर्जा नवख्याच्या कसबाने ठरतो. गेल्या वर्षी आमच्या मोरीची लादी बदलताना ठेकेदाराने आम्हाला मिस्त्री दाखवला आणि शेवटच्या दिवशी बिगाऱ्याकडून काम उरकून घेतले. तेव्हापासून पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येते. खेळात हीच फजिती माझ्यावर तीनदा ओढवली. शिवणकाम किंवा शस्त्रे घडवणे अशा कामांच्या यादीत ‘अमुक पायरीखालच्याने हात लावू नये’ अशी मर्यादा घालता येते, बांधकामाला मात्र ती सोय नाही. माझ्या दृष्टीने या खेळातील ही सर्वांत ठळक उणीव आहे, आणि इतक्या वर्षांच्या सुधारणांनंतरही ती मूळ खेळात तशीच राहावी याचे नवल वाटते.

या उणिवेमुळेच विशेषज्ञ नेमणे हा शोभेचा भाग राहत नाही, ती गरज होऊन बसते. मुंबईच्या कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी उभे राहिले तर थापी-ओळंबा घेतलेला मिस्त्री आणि घमेले-फावडे घेतलेला बिगारी सहज वेगळे ओळखू येतात. त्यांचे रोजही वेगळे आणि त्यांना द्यायचे कामही वेगळे. ‘रिमवर्ल्ड’मध्ये मी तीच वाटणी करतो. एका माणसाला कामांच्या तक्त्यात बांधकामाला पहिला क्रम देतो. इतरांचे बांधकाम एरवी बंद ठेवतो आणि केवळ तटबंदीच्या वेळी उघडतो. बांधकाम बंद असलेला माणूसही सामान वाहण्याच्या कामातून आराखड्यापर्यंत माल पोहोचवत राहतो, त्यामुळे मिस्त्रीची निम्मी पायपीट वाचते. हे ध्यानात न आल्याने पहिल्या दोन वसाहतींत माझा उत्तम गवंडी दिवसभर दगडाचे ठोकळे वाहत होता.

माणूस कोणता निवडावा याचे उत्तर सोपे आहे. त्या कामाची आवड असलेल्याच्या कौशल्यापुढे ज्योतीची खूण असते. एक ज्योत असलेला पूर्ण गतीने शिकतो, दोन ज्योती असलेला दीडपट गतीने, आणि आवड नसलेला केवळ ३५ टक्के गतीने. आज सहाव्या पायरीवर असलेला पण बिनआवडीचा माणूस आणि तिसऱ्या पायरीवरचा दोन ज्योतींचा माणूस यांत मी डोळे झाकून दुसऱ्याला निवडतो. शिकण्यासाठी नैसर्गिक खडकाची जमीन आणि भिंती घासून गुळगुळीत करण्यासारखे काम नाही; माल लागत नाही, बिघडण्यासारखे काही नसते आणि खोलीची शोभाही वाढते.

मग त्याला विसाव्या पायरीपर्यंत न्यावे का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. दहाव्या पायरीपासून कसब वापराविना झिजू लागते. काम करून मिळणाऱ्या ज्या गुणांनी पायरी चढता येते, त्यांतले बाराव्या पायरीवर खेळातल्या दिवसाला सुमारे १२० गुण गळतात, सोळाव्या पायरीवर ८४०, आणि विसाव्या पायरीवर ३,६००. उलट एका दिवसात पूर्ण गतीने मिळू शकणारे गुण ४,००० आहेत. त्यापुढे शिकण्याची गती पाचव्या हिश्शावर येते. याचा अर्थ असा, की विसाव्या पायरीवरच्या माणसाने केवळ आहे तिथे टिकून राहण्यासाठी जवळजवळ रोज दिवसभर बांधत राहावे, आणि स्थिरावलेल्या वसाहतीत एवढे बांधण्यासारखे काही उरत नाही. शिवाय सर्वांत वरचा दर्जा नुसत्या कसबाने मिळतच नाही. त्यासाठी एखाद्याला अवचित स्फुरण यावे लागते किंवा आयडिऑलॉजी या पुरवणीतील उत्पादन-विशेषज्ञाचे पद त्याला द्यावे लागते. बारावी ते चौदावी पायरी एवढे साधले की मी थांबतो. त्यापुढची ओढाताण हौसेची आहे.

तुलनेसाठी सांगायचे, तर क्लेई या कंपनीच्या ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ या अशाच वसाहतीच्या खेळात मी अशी वाटणी फार काटेकोरपणे करत नाही. तिथे बांधलेल्या वस्तूला दर्जा नसतो, कसबाने फक्त वेग वाढतो आणि घेतलेल्या प्रत्येक कौशल्यागणिक त्या माणसाची मनोधैर्याची अपेक्षा वाढत जाते.

एक बाब मात्र मी उशिरा शिकलो. मिस्त्री एकच असावा, पण त्याच्या हाताखाली एक जण आठव्या पायरीवर आणून ठेवावा. माझ्या मागील वसाहतीत तेराव्या पायरीवरची बाई हल्ला चालू असताना तटाची डागडुजी करायला गेली आणि तिथेच पडली. चूक माझी, तिला आत बोलावण्याचे राहून गेले. मागे राहिलेला सहाय्यक सातव्या पायरीवर होता. पाच जखमी साध्या खाटांवर पडून होते, कोठारात पोलाद होते, सुटे भाग होते, आणि रुग्णालयाची खाट बांधायला एकच पायरी कमी पडत होती. ती एक पायरी चढण्यासाठी त्याच्याकडून मी सलग काही दिवस डोंगरातल्या कोठाराची जमीन घासून घेतली.