बीएमडब्ल्यू एक्स5 साठी विंटर टायर: 21 इंच सोडून 19 वर आलो, दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

ज्यांना नुसतं उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, 19 इंच घ्या, चारही चाकं एकाच साइजची, 265/50 आर19 (265 मिमी रुंद टायर, भिंतीची उंची रुंदीच्या 50 टक्के, 19 इंची रिम). आता सविस्तर लिहितो कारण ह्या गाडीच्या चाकांचा एक सेट म्हणजे चांगलाच खड्डा पडतो खिशाला आणि शोरूममध्ये कोणी नीट समजावून सांगत नाही.

गाडी जी05 मॉडेलची (एक्स5 ची चौथी पिढी) एक्सड्राइव्ह40आय, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह. राहतो म्युनिकच्या जरा बाहेर, आठवडाभर ऑफिस आणि पोरांची ने-आण, आणि हिवाळ्यात जमेल तेव्हा स्कीइंगला, म्हणजे आठ नंबरच्या ऑटोबानवरून डोंगराकडे नाहीतर सरळ ऑस्ट्रियात. गाडी घेतली तेव्हा उन्हाळी सेट 21 इंची आला, पुढे 275/40 आणि मागे 315/35. दिसायला एक नंबर, त्यात वाद नाही. विंटर सेट घ्यायची वेळ आली तेव्हा डीलरकडच्या माणसाने पहिल्यांदा 21 चाच फोटो दाखवला, मग 20 चा, आणि मी 19 म्हटल्यावर त्याचा चेहरा असा काही झाला की जणू मी सायकलची चाकं मागतोय. किमतीतला फरक हजार युरोच्या वर होता हे मात्र त्याने मी विचारल्यावरच सांगितलं.

आता 19 का. पहिली गोष्ट, रिम लहान झालं म्हणून चाक लहान होत नाही, टायरची भिंत वाढते. 275/40 आर21 ची बाजूची भिंत 110 मिमी, 265/50 आर19 ची साधारण 132 मिमी. चाकाची एकूण उंची 753 च्या जागी 748 मिमी, म्हणजे स्पीडोमीटरवर काही फरक जाणवत नाही, गाडी खाली बसल्यासारखीही दिसत नाही. पण ती जास्तीची दोन सेंटिमीटर रबराची भिंत हिवाळ्यात फार कामाला येते. इथे पाणी रस्त्याच्या भेगांत शिरतं, गोठतं, फुगतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत रस्त्याला खड्डे पडतात, त्यात वर बर्फाचा चिखल असला की खड्डा दिसतच नाही, फुटपाथची कडापण दिसत नाही. 21 च्या रिमवर हे सगळं थेट अ‍ॅल्युमिनियमला लागतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फ साफ करणारा ट्रॅक्टर सगळा ढीग कडेला लोटून ठेवतो आणि खाली दगडी कडा तशीच लपलेली असते, तिथे मी कितीदा घासलोय त्याचा हिशोब नाही पण रिमवर एक ओरखडा नाही, सगळं टायरने खाल्लं.

दुसरी गोष्ट रुंदी. मागचा 315 चा टायर कोरड्या ऑटोबानवर मस्त, पण पाणी आणि ओला बर्फ साचला की रुंद टायर त्याच्यावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापून खाली रस्त्याला भिडतो. 265 काही अरुंद नव्हे म्हणा, पण 315 पुढे बराच फरक आहे. आणि चारही सारखे असल्यामुळे दर वर्षी पुढचे मागे मागचे पुढे करता येतात, झीज सारखी होते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत हे नुसतं पैसे वाचवणं नाही, पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत जास्त फरक पडला की त्याचा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर) येतो, आणि ते दुरुस्त करायचा खर्च ऐकला तर टायर स्वस्त वाटतील.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. आपल्या बऱ्याच मित्रमंडळींना वाटतं की एक्सड्राइव्ह आहे, ऑडीचं क्वाट्रो आहे, मग टायर कुठला का असेना. अरे बाबा, फोर व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, आणि ह्या गाडीचं वजन दोन टनांच्या वर आहे. उलट फोर व्हील ड्राइव्हमुळे माणूस फसतो, गाडी सुटताना चाक जराही फिरत नाही म्हणून वाटतं रस्ता ठीक आहे, आणि पहिल्या वळणावर कळतं की नाहीये. स्पिट्झिंगझेहून खाली उतरणारा जो घाट आहे तिथे संध्याकाळी सगळे स्कीवाले एकदम परततात, सूर्य गेला की दिवसभर वितळलेलं पाणी काच होतं. एकदा असेच रांगेत उतरत होतो, पुढच्या गाडीवाल्याने ब्रेक दाबला आणि ती गाडी, तीही चांगली महागाची एसयूव्हीच, तिरकी होत होत कडेच्या बर्फाच्या भिंतीला जाऊन टेकली, अगदी सावकाश, आतली माणसं हात वर करून बसलेली. माझ्या पायाखाली एबीएस कडकड करत होतं पण गाडी सरळ रेषेत थांबली, मध्ये दोन गाड्यांची जागा राहिली. त्या दिवशी 21 चे उन्हाळी असते तर काय झालं असतं ते सांगायला नको.

उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक बारीक चिरा असतात त्यात बर्फ अडकतो, बर्फाला बर्फ धरतो. हे मला आधी पुस्तकी वाटायचं. डिसेंबर 2023 च्या पहिल्या शनिवारी म्युनिकमध्ये असला बर्फ पडला की एअरपोर्ट बंद, ट्रेन बंद, ट्राम बंद. आमच्या कॉलनीत गाडी बाहेर काढणारे मोजकेच होते आणि मी दूध-ब्रेड आणायला निघालो ते शेजारच्या आजींची औषधंपण घेऊन आलो. गाडी चालत होती, ठीक आहे, पण मला आवडलं ते वळताना पुढचं टोक ऐकत होतं.

टायर घेतले पिरेली स्कॉर्पियन विंटर, रनफ्लॅट (हवा गेली तरी कडक भिंतीवर चालणारे), स्टारवाले, म्हणजे बीएमडब्ल्यूसाठी मंजूर. रनफ्लॅटवरून भांडणं होतात, माझं म्हणणं एवढंच की गाडीत स्टेपनी नाही, उणे दहामध्ये रात्री मागे दोन पोरं झोपलेली असताना पंक्चर झालं तर 80 च्या स्पीडने 80 किलोमीटरपर्यंत जाता येतं हे मला हवं होतं. बदल्यात गार पडलेल्या गाडीत पहिले चार-पाच किलोमीटर जरा ठकठक लागते, रनफ्लॅटची भिंत कडक असतेच. 19 वर ती सहन होते, 21 च्या उन्हाळी रनफ्लॅटपेक्षा ही गाडी चक्क मऊ चालते.

लोड इंडेक्स 110, म्हणजे एका टायरला 1060 किलो, त्यात तडजोड नको. स्पीड इंडेक्स एच, म्हणजे 210 पर्यंत, आणि गाडी त्याच्यापेक्षा जोरात जाऊ शकते म्हणून जर्मनीत ड्रायव्हरला दिसेल असा 210 चा स्टिकर लावावा लागतो. टायरवाल्याने तो स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवला, बायको म्हणाली काढ ते, घाण दिसतं, पण नियम आहे. बाबा पुण्याहून आले होते, त्यांनी तो स्टिकर वाचला आणि जाईपर्यंत मी शंभरच्या वर गेलो की त्याच्याकडे बोट दाखवायचे.

नियमांचं थोडक्यात. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, रस्त्यावर बर्फ-घसरण असेल तर विंटर टायर हवेतच, लोक ऑक्टोबर ते ईस्टर धरून चालतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह लागतं. नसेल तर 60 युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट, ट्रॅफिक अडवलंत तर 80. जर्मनीत ट्रेडची, म्हणजे टायरवरच्या खाचांच्या खोलीची, मर्यादा 1.6 मिमी असली तरी ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल विंटर टायरला किमान 4 मिमी लागतात, त्याच्या खाली तो टायर विंटर धरतच नाहीत. मोजायला दोन युरोचं नाणं उभं खाचेत घाला, बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर 4 मिमी आहेत. माझी अजून आरामात बुडते.

बदलताना बोल्ट 140 न्यूटन मीटरला घट्ट करायला सांगा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर परत तपासून घ्या. पहिल्या वर्षी मार्चअखेर चाक हबला असं चिकटलं होतं की मेकॅनिकने बोल्ट काढून टायरला आतून लाथा घातल्या तेव्हा सुटलं, सगळी मिठाची करामत. ह्या मिठामुळेच पॉलिश केलेली चकचकीत रिम हिवाळ्यात लावू नका, लॅकरखाली मीठ शिरलं की पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा येतात. साधी रंगवलेली, कमी कांड्यांची रिम घ्या, धुवायलाही सोपी. आणि थंडीत हवा कमी होते, 10 अंशांना साधारण 0.1 बार, तेव्हा पहिल्या कडाक्याच्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर पंक्चर समजून घाबरू नका, आधी हवा बघा.

नावडलेलं पण आहे. एप्रिलमध्ये ऊन पडलं की स्टिअरिंग ढिलं ढिलं वाटतं, वळणावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. कोरड्या रस्त्यावर गरम दिवशी ब्रेकिंगही उन्हाळी टायरइतकं नाही, म्हणून ईस्टर झाला की चालढकल न करता बदला. आणि हो, एक्स5 च्या कमानीत 19 जरा बिचारं दिसतं, पहिला आठवडा मलाही वाटलं, मग मिठाने सगळी गाडीच नोव्हेंबर ते मार्च करडी असते त्यामुळे कोण बघतंय.

18 इंची 255/55 सुद्धा ह्या मॉडेलवर बसतं, पण तुमच्याकडे एम स्पोर्ट ब्रेक किंवा त्याहून मोठे असतील तर कॅलिपरला रिम अडू शकतं, ऑर्डर करण्याआधी गाडीच्या सीओसी कागदावर (कंपनीच्या मंजुरीच्या प्रमाणपत्रावर) मंजूर साइज बघा. बर्फासाठी चाकांना चेन लावायची वेळ येणार असेल तर मॅन्युअलमध्ये कुठल्या साइजवर चेन चालते तेही वाचा, रुंद चाकांना आत जागाच नसते. हॅम्बुर्ग नाहीतर ऱ्हाईनकडे राहत असाल, डोंगरात जातच नसाल, तर चारही चाकांना 275/45 आर20 घेतलंत तरी चालेल, दिसायचं समाधानही होईल. पुढे एक मागे एक साइजचा विंटर सेट मात्र कोणी फुकट दिला तरच घ्या.