झोन दाखला दाखवून हिरव्या पट्ट्यातला प्लॉट गळ्यात मारला, सावध राहा

एकूण 11,93,600 रुपये गेले. प्लॉटचे 9,50,000 (4,75,000 रुपये गुंठा, दोन गुंठे), 'गुंठेवारीच्या फाइल'चे 85,000, रस्ता आणि लाइटच्या खांबांचे 40,000, बोअर, पत्र्याची खोली आणि कंपाउंडचे 1,18,600. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरलेली नाही.

आधीच सांगतो, नोटरीवर जमीन घेणाऱ्यांतला मी नाही. सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं होतं. मालक खरा, बोजा नाही, दस्त रजिस्टर. गोची मालकीत नव्हतीच, झोनमध्ये होती. आणि सर्च रिपोर्ट मालकीचा असतो, त्यात झोन येत नाही. वकिलाला वेगळं सांगून झोनचं मत लेखी मागा, नाहीतर तोही हात वर करतो.

रविवारी साइटवर न्यायला गाडी, 'दोनच प्लॉट उरलेत', हे सगळं आपल्याला पाठ आहे, त्याला मी भुललो नव्हतो. भुलवलं ते झोन दाखल्याने, म्हणजे जमीन रहिवास की शेती विभागात येते ते सांगणाऱ्या नगररचनेच्या कागदाने. दाखला खोटा नव्हता, हीच तर खरी मेख. नगररचना कार्यालयाचा शिक्का, जावक क्रमांक, सही, सगळं अस्सल. फक्त आला तो मोबाइलवरचा फोटो म्हणून, आणि फोटोत कागद धरणाऱ्याचा अंगठा. वाचता येत होतं ते 'सदर गट अंशतः रहिवास विभाग' इथपर्यंत. पुढची अर्धी ओळ अंगठ्याखाली. मूळ कागद बघितला तेव्हा ती ओळ अशी निघाली: 'व अंशतः शेती विभागात समाविष्ट असून प्रस्तावित 18 मी. रुंद रस्त्याने बाधित आहे'. खाली 'सोबत : भाग नकाशा' असं छापलेलं होतं. नकाशा सोबत नव्हता. अख्खा गट पिवळ्यात (नकाशावर रहिवास विभागाचा रंग) असता तर 'अंशतः' लिहायची गरजच काय होती? त्या एका शब्दावर थांबायला हवं होतं. अजूनही तो फोटो उघडला की डोकं फिरतं.

यातलं तांत्रिक नीट समजून घ्या. दाखला गटाला मिळतो, तुमच्या प्लॉटला नाही. आमचा गट 3 हेक्टर 20 आर. रस्त्याकडची पट्टी पिवळी, मागचं सगळं हिरवं, म्हणजे शेती विभाग. कुठे किती, ते दाखल्यात नसतं, भाग नकाशात असतं. त्या नकाशावर मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) बसवली तरच प्लॉट कुठल्या रंगात पडतो ते कळतं. दाखला स्वतः अर्ज करून काढा आणि भाग नकाशासकटच घ्या. तो मंजूर विकास आराखड्यावरून दिलाय की प्रारूप (अजून मंजूर न झालेल्या) आराखड्यावरून, हेही बघा. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 46 प्रमाणे परवानगी देताना तोही विचारात घेतात, आणि एजंट हमखास जुना कागद दाखवतो.

दस्तातही खुबी होती. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (शेतजमिनीचा याहून लहान तुकडा पाडता येत नाही) 20 गुंठे आहे, बागायतीचं 10. म्हणून दहा जणांच्या नावे 20 गुंठे एकत्र. चतुःसीमा त्या वीस गुंठ्यांच्या, माझ्या दोन गुंठ्यांच्या कुठेच नाहीत. 'प्लॉट' हा शब्दसुद्धा नाही, कारण 20 गुंठे म्हणजे 2,023 चौरस मीटर, आणि 500 चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंग विकायला महारेरा (बांधकाम-प्लॉटिंग प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट. मधला 20 फुटी रस्ता 200 फूट लांब, त्याचे 4,000 चौरस फूट दहा जणांत वजा केले की हातात राहतात 1,778. म्हणजे रस्त्याचे पैसे दोनदा घेतले. दहापैकी तिघांना शेतकरी दाखलाही एजंटनेच 'काढून दिला' आहे. तो खोटा निघाला तर खरेदीच अवैध ठरवणारं कूळ कायद्याचं कलम 84-क आहेच.

85,000 गुंठेवारीचे, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करून घ्यायचे. त्याच्या 2001 च्या कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली आणि मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. त्यानंतर पाडलेले तुकडे त्यात बसत नाहीत. मग जुन्या तारखेचा स्टॅम्प आणून मागच्या तारखेचा करार करायचा प्रस्ताव येतो. त्यावर सही कराल तर फसलेले राहणार नाही, आरोपी व्हाल.

आता कार्यालयं. तलाठी म्हणतात, झोन आमच्याकडे नसतो. दुय्यम निबंधक म्हणतात, आम्ही दस्त नोंदवतो, झोन बघत नाही. नगररचना म्हणते, दाखल्यात स्पष्ट लिहिलंय. लिहिलंय हो, पण नकाशा न जोडता कागद बाहेर जातोच कसा? ग्रामपंचायतीने पत्र्याच्या खोलीची नमुना 8 ला नोंद घेतली, घरपट्टी घेतली, पावती दिली. मग त्याच खोलीला नियोजन प्राधिकरणाची एमआरटीपी कलम 53 ची (अनधिकृत बांधकाम काढा अशी) नोटीस! पट्टी घेताना ती घर होती, पाडताना अनधिकृत झाली. दहा दहा गुंठ्यांवर चुन्याच्या रेघा मारून उघड बोर्ड लावून विक्री चालते, तेव्हा यातल्या एकालाही रस्ता सापडत नाही. घेणाऱ्याने चार पत्रे ठोकले की जीप बरोबर दारात. घरपट्टीची पावती किंवा वीजमीटर म्हणजे परवानगी नव्हे, हे मात्र सगळे आता सांगतात.

पोलीस ठाण्यात ठरलेलं उत्तर: दिवाणी बाब आहे. ऐकून परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 नाव घेऊन लिहा. नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही नाही झालं तर 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

'झोन बदलून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ते शासनमंजुरीचं काम आहे, दोन गुंठ्यांसाठी कोणी करत नाही. 'फार्महाऊस बांधा' हीही थाप आहे, शेती विभागात त्याला 0.40 हेक्टर, म्हणजे जवळपास 40 गुंठे लागतात. आणि एजंट बिनव्याजी हप्ते देतो म्हणाला तरी एकदा बँकेत कर्जाची फाइल टाकाच. बँकेचा तांत्रिक अधिकारी भाग नकाशा मागतो, म्हणून तर हप्त्यांची ऑफर असते.

ज्यांचा नुसता विसार गेलाय त्यांनी पुढचा हप्ता थांबवा आणि वकिलामार्फत नोटीस द्या. नोटिशीत भाग नकाशा आणि मंजूर रेखांकन मागा. व्हॉट्सअॅपवरचे फोटो, जाहिरातीचं पत्रक, ऑडिओ, काहीही डिलीट करू नका. रोख दिलेल्या पैशांची पावती आजच मागा, नोटीस गेल्यावर एजंट फोन उचलत नाही.