नॅचरल नंबर गेम: निगमन करायला शिकवणारा मोफत खेळ

बारावीच्या गणितात ‘जर प, तर फ’ची सारणी सगळेच भरतात. पण प हाती असताना फपर्यंत नेमकं कसं पोहोचायचं, म्हणजे निगमन कसं करायचं, ते सारणीतून कळत नाही. केविन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रामफर यांचा हा खेळ नेमकं तेच करून घेतो. तो ब्राउझरमध्येच चालतो आणि प्रत्येक पायरी ‘लीन’ ही सिद्धता तपासणारी प्रणाली तपासते.

खेळ ‘वर्ल्ड’ नावाच्या टप्प्यांत विभागलेला आहे; ट्युटोरियल आणि ॲडिशन (बेरीज) वर्ल्ड आधी करावेच लागतात. क + ० = क हे गृहीतक म्हणून मिळतं, ० + क = क मात्र इंडक्शनने (आधी ० साठी, मग एका संख्येवरून पुढच्या संख्येसाठी) सिद्ध करावं लागतं, कारण बेरीज दुसऱ्या संख्येवरून ठरवलेली आहे. इथे ‘आरडब्ल्यू’ (rw, समीकरणाची एक बाजू दुसरीच्या जागी लिहिणारी) आज्ञा अंदाजाने मारत सुटलं तरी बऱ्याच पातळ्या पार होतात. ही या भागाची मोठी उणीव.

खरं शिक्षण इम्प्लिकेशन (‘जर-तर’) वर्ल्डमध्ये. समजा एच१ नावाचं गृहीतक आहे क्ष = ३७, एच२ आहे ‘क्ष = ३७ असेल तर य = ४२’ आणि साध्य, म्हणजे सिद्ध करायचं विधान, आहे य = ४२. ‘अप्लाय एच२ ॲट एच१’ लिहिलं की एच१ चंच य = ४२ होतं, मग ‘एक्झॅक्ट एच१’ लिहिलं की साध्य सिद्ध. नुसतं ‘अप्लाय एच२’ लिहिलं तर साध्य बदलतं: य = ४२ ऐवजी आता क्ष = ३७ दाखवायचं उरतं. एकच विधान पुढूनही वापरता येतं आणि मागूनही, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. आणि य = ४२ वरून क्ष = ३७ काढायला गेलात तर लीन साफ नकार देतं. वादात सर्रास होणारी ही चूक इथे खपतच नाही.

नवख्यांची गाडी अडते ती ‘एक्झॅक्ट’पाशी. त्याच्यापुढे विधान लिहायचं नसतं, त्या विधानाच्या सिद्धतेचं नाव लिहायचं असतं. ‘एक्झॅक्ट क्ष = ३७’ चुकतं, ‘एक्झॅक्ट एच१’ चालतं. त्रुटीचा संदेश क्लिष्ट असतो, पण ‘अपेक्षित प्रकार वेगळा’ असं तो सांगत असेल तर आधी हेच तपासा. ‘इंट्रो’, म्हणजे ‘जर’चा भाग गृहीतक म्हणून हाती घेणारी आज्ञा, फक्त साध्यातच ‘जर-तर’ असताना वापरायचं. ० ≠ १ लाही ते चालतं, कारण ≠ म्हणजे ‘दोन्ही समान असतील तर विसंगती’.

प्रगती ब्राउझरमध्येच साठते, म्हणून ती फाइल म्हणून उतरवून ठेवा. पुढे खऱ्या लीनमध्ये गेलात तर तिथलं ‘आरडब्ल्यू’ शेवटी स्वतःच ‘आरएफएल’ (rfl, दोन्ही बाजू सारख्याच असल्या की साध्य संपवणारी आज्ञा) करून पाहतं. खेळातल्या सवयीने वेगळं ‘आरएफएल’ लिहिलंत, तर ‘साध्यच उरलं नाही’ अशी त्रुटी येईल.