गुलाबी मनोरा आणि बोलणारी वर्णमाला: आठ महिने वापरल्यावर

बालवाडीत अडीच ते पाच वर्षांच्या मुलांनी जून ते जानेवारी हाताळलेल्या दोन खेळण्यांबद्दल हे लिहितो आहोत. मत आधीच सांगतो: मनोरा घ्या, बोलणारी वर्णमालेची पाटी घेऊ नका.

मनोरा म्हणजे माँटेसरी साहित्यातले (मुलांनी स्वतः हाताळून शिकायच्या पद्धतीतले) दहा गुलाबी लाकडी ठोकळे, १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत एकेक सेंमीने वाढत जाणारे. बाजू दहापट, पण घनफळ हजारपट. म्हणून सगळ्यात मोठा दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि सगळ्यात लहान चिमटीत धरावा लागतो. लहान-मोठं इथे नुसतं दिसत नाही, हाताला जाणवतं.

पहिल्या दिवशी दहाही काढू नका. १०, ८, ६ आणि ४ सेंमीचे चार सतरंजीवर पसरा, एकदा न बोलता रचून दाखवा, मोडा आणि हात मागे घ्या. क्रम चुकला की वरचा ठोकळा खालच्याच्या बाहेर येतो. मूल थबकतं, बघत राहतं, मग स्वतःच उतरवतं. नेमक्या त्याच क्षणी "अरे तो नाही, हा घे" असं कुणी म्हटलं, की खेळण्याचा सगळा उपयोग गेला. पुढे दहाही ठोकळे एका कोपऱ्याला जुळवून रचता आले, की प्रत्येक पायरीवर १ सेंमीची कड उरते आणि सगळ्यात लहान ठोकळा तिच्यावर बरोबर बसतो. हे सापडलेलं मूल एकेक पायरी उतरत तो ठेवून पाहतं.

याने मोजणं मात्र येत नाही. येतं ते क्रम लावणं, आणि कुणी शांतपणे बोललं तर 'मोठा, त्याहून लहान, सगळ्यात लहान' हे शब्द. मोजायला चिंचोके बरे, तेही मूल तोंडात घालायच्या वयाचं नसेल तर.

तीन वर्षांखालच्या मुलांपुढून १ आणि २ सेंमीचे ठोकळे काढूनच ठेवा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३२ मिमी व्यासाची नळी असते. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते, आणि हे दोन्ही मावतात. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) स्वस्त संचही टाळा. पावसाळ्यात दमट हवेने कडा फुगतात, ठोकळा सपाट बसत नाही, मनोरा डुगडुगतो आणि काही न चुकता पडतो. मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.

आता बोलणारी पाटी, म्हणजे अक्षरं आणि चित्रं असलेल्या बटणांची. बटण दाबलं की आवाज येतो, त्यामुळे अक्षर निरखायची गरजच उरत नाही. बोट चित्रावर जातं. चित्रावर कागद चिकटवा, तेच मूल अडतं. शिवाय 'चमचा' आणि 'चहा' यांतला च वेगळा, हे पाटीला ठाऊक नाही. हिंदीसाठी बनवलेल्या पाट्यांवर ळ असेलच असं नाही. ल आणि श यांची मराठी वळणं तर खरेदीआधी तपासाच.

त्याऐवजी खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोन बोटांनी लिहिण्याच्या दिशेने गिरवू द्या. सुरुवात मुलाच्या नावातल्या अक्षरांनी. घ-ध, भ-म एकत्र देऊ नका.

मनोरा परवडत नसेल तरी अडत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात शंख-शिंपले आणि बियाही साहित्य म्हणून वापरल्या जात. घरात एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे काढा, झाकणं वेगळी पसरा. चुकीचं झाकण बसतच नाही, त्यामुळे मोठ्यांना काही सांगावंही लागत नाही.